पिंकीचं खरं वजन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, शाळेत माझ्याशेजारी बसून वीस वर्षं डबा खाल्लेल्या मैत्रिणीलाही नाही. आता तुम्हाला का सांगतेय, हेही मला नीट सांगता येणार नाही. एका लठ्ठ कुत्रीचं वजन उतरवण्याची ही गोष्ट आहे. हसलात? हसा. पहिल्यांदा मीही हसलेच होते, जनावरांचे डॉक्टरही हसले होते. त्या हसण्यापासूनच सुरू करते, म्हणजे निदान सुरुवात तरी सोपी जाईल.

पिंकी आमची नव्हे, माझ्या मुलाची. मल्लू गुलबर्ग्याला इंजिनिअरिंगला होता तेव्हा कुणा मित्राकडून ते पांढरं केसाळ पॉमेरियन पिल्लू घेऊन आला. पुढे त्याला पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली. तेव्हा आमच्या बसवकल्याणातली निम्मी पोरं अशीच निघाली होती — कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला. उमरग्याच्या बसला सकाळी उभं राहायला जागा नसायची. पोरं गेली आणि त्यांच्या सायकली, क्रिकेटच्या बॅटी, कुत्री मागे राहिली. मल्लू दर रविवारी फोन करायचा, आणि आधी विचारायचा काय? "पिंकी कशी आहे?" आई कशी आहे, हे नंतर.

घरात आम्ही तिघं. मी मराठी शाळेत शिक्षिका. ह्यांचं अडतीचं दुकान — शेतकऱ्यांची तूर, सोयाबीन मापून घ्यायचं आणि पुढे विकायचं. आणि आक्का. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तोवर विधवा होऊन मुडबीहून माहेरी आल्या, त्या कायमच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकघर त्यांचंच होतं, आणि खरं सांगायचं तर शेवटपर्यंत त्यांचंच राहिलं. भाकरी मी थापली तरी ताटात वाढायची ती आक्कांनी. घरी आलेला माणूस त्यांच्या हातचं खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे.

त्यांची एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे ती लागणार आहे. गळ्यात लिंग धारण केलेल्या, पूजा केल्याशिवाय पाणी न घेणाऱ्या जुन्या वळणाच्या बाई त्या. ताटात पडलेलं सगळं त्यांच्या लेखी प्रसाद. शीत टाकायचं नाही. जेवण झालं की ताटात पाणी ओतायच्या, बोटाने ताट सगळीकडून विसळायच्या आणि ते पाणी पिऊन टाकायच्या. मग ताट पदराने कोरडं करून पालथं ठेवायच्या. आमच्याकडची जुनी माणसं करतात असं. मी नवी आले तेव्हा मला ते कसंतरी वाटायचं. नंतर सवय झाली. मुद्दा एवढाच, की आक्कांच्या ताटात कधी काही उरत नसे. हे मला माहीत होतं. तीस वर्षं रोज दोन वेळा मी ते डोळ्यांनी पाहत होते.

तर पिंकी फुगली. तिचे पाय दिसेनासे झाले. ओट्याच्या दोन पायऱ्या चढायला तिला तीनदा थांबावं लागे, आणि वर आली की भात्यासारखी धापा टाकत पडून राहायची. मल्लू गणपतीला आला, त्याने तिला उचललं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं वर्गात नापास झालेली मीच. "आई, ही मरेल अशानं," म्हणाला. मी? मी बेचाळीस पोरांचा वर्ग एका नजरेवर बसवते. मला एक कुत्री सांभाळता येत नाही?

डॉक्टर सगळा दिवस म्हशींच्या शेपट्या धरणारे. पिंकीला टेबलावर ठेवलं तशी हसत सुटले. "बाई, ही कुत्री हाय का उशी?" मग त्यांच्याकडच्या काट्यावर ठेवली — साडेनऊ किलो. एवढ्याशा जातीला सहा-साडेसहा फार झाले, म्हणाले. हसणारा माणूस, पण सांगितलं मात्र नीट. सकाळ-संध्याकाळ एकाच वाटीने मोजून खायला द्यायचं. तूप नाही, बिस्किट नाही, गूळ नाही. भाकरी निम्मी करायची आणि त्या जागी उकडलेला दुधी, गाजर, वरणाचं पाणी. रोज दोन वेळा थोडं चालवायचं, हळूहळू वाढवायचं. दर आठवड्याला त्याच वेळी वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. आठवड्याला शंभर ग्रॅमच्या आत उतरलं तरी उत्तम, वर्ष लागलं तरी लागू दे. आणि निघताना मला परत बोलावून म्हणाले, "बाई, एक ध्यानात ठेवा. हिला उपाशी ठेवायचं न्हाई. घाई केली की जीवावर बेततंय." मी वहीत लिहून घेतलं. उपाशी ठेवायचं नाही — खाली रेघसुद्धा मारली. ती रेघ अजून आहे.

आता तुम्हाला सांगते, लठ्ठ कुत्रीचं वजन उतरवणं म्हणजे कुत्रीशी भांडण नव्हे. भांडण सगळ्या गावाशी. मी फुलस्केप कागदावर वेळापत्रक लिहून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं. हे काय करायचे? दुकानावरून येताना खिशात शेंगदाणे आणायचे आणि मी वळले की एक-एक टाकायचे. विचारलं तर म्हणायचे, "एका दाण्यानं काय व्हायलंय?" शेजारच्या काकू कुंपणावरून बिस्किटं टाकायच्या. दूधवाला मापातली साय टाकायचा. सणाच्या दिवशी पलीकडच्या घरातून हुग्गीची वाटी आली — गव्हाची, गुळाची, वर तुपाची धार — आणि आणणारी मुलगी म्हणते कशी, ही पिंकीसाठी, आईनं वेगळी काढली! आपल्याकडे माया दाखवायची म्हणजे खायला घालायचं, दुसरा मार्गच कुणाला ठाऊक नाही. मी संतापाने नुसती जळत असे.

आणि ती स्वतः? ती तर भाकरी तेवढी वेचून खायची आणि दुधीच्या फोडी चाटून चाटून स्वच्छ करून वाटीबाहेर रांगेने मांडून ठेवायची. फिरायला नेलं तर तिसऱ्या घरापाशी रस्त्यात बसकण मारायची. ओढावं तर लोक बघतात. मग मी तिला कडेवर घेऊन परत. म्हणजे व्यायाम मला, आणि हवा खाणं तिला! आक्का दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावायच्या. मला त्या हसण्याचाही राग येई. तेव्हा मला सगळ्याचाच राग यायचा.

वजन करायला दर वेळी दवाखान्यात कोण जाणार? ह्यांनीच सुचवलं — दुकानात एवढा मोठा काटा आहे, सोमवारी सकाळी सौद्याच्या आधी घेऊन ये. दुकानात माप करायला नबीसाब होते, ह्यांच्या वडिलांच्या वेळचे. काट्यावर पिंकी उभी राहीना. नबीसाबांनी एक रिकामं पोतं घेतलं, तिला गळ्यापर्यंत आत घातलं, डोकं तेवढं बाहेर ठेवलं आणि काट्यावर मांडलं. मी पलीकडे तिला चुचकारत उभी होते. नबीसाबांनी दांडी सरकवली आणि खड्या आवाजात पुकारलं, जसं शेतकऱ्याला पुकारतात तसं — "साडेआठ!"

साडेआठ. एका आठवड्यात एक किलो! मला काय झालं म्हणून सांगू. मी तिथेच वहीत लिहिलं, शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलं, संध्याकाळी रविवारची वाट न बघता मल्लूला फोन लावला. तो ओरडलाच आनंदाने. "आई, यू आर ग्रेट," म्हणाला. पोरगा पुण्याला गेल्यापासून एवढ्या उमाळ्याने माझ्याशी बोलला नव्हता. त्याने म्हणे ऑफिसात सांगितलं. हेडमास्तरांच्या बायकोने आपल्या कुत्र्यासाठी माझं वेळापत्रक उतरवून नेलं. आणि मी — मी मिरवले. मिरवले हाच शब्द बरोबर आहे.

तिसऱ्या सोमवारी नबीसाबांनी पुकारलं, "आठ तीनशे!" त्या दिवशी मी काट्याच्या अलीकडे होते. दांडी मला दिसत होती. दांडीवर नऊ आठशे होतं.

मी विचारलं, हे कसं? नबीसाबांना प्रश्नच कळेना. म्हणाले, "बाई, बारदान काटनाच पडता ना. और माटी-ओल का." शेतकऱ्याचा माल मापताना पोत्याचं वजन कापायचं, वर माती आणि ओल म्हणून आणखी किलोभर कापायचं, त्याला अडतीत कडता म्हणतात. पोतं अर्ध्या किलोचं, कडता एक किलोचा. चाळीस वर्षं दांडी बघून कापूनच पुकारायची सवय. पोत्यात सोयाबीन आहे की पिंकी, ह्याच्याशी त्यांच्या तोंडाला काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी माझ्या कुत्रीचाही कडता कापला होता.

म्हणजे पोतं वजा करता पिंकीचं खरं वजन नऊ तीनशे. तीन आठवड्यांत दोनशे ग्रॅम उतरलं होतं. आणि मी जगाला सांगून बसले होते एक किलो दोनशे.

इथे थांबले असते तर? चूक नबीसाबांची होती, माझी नव्हती. हसून सांगता आलं असतं — अरे, पिंकीचाही कडता कापला की! मल्लू पोट धरून हसला असता. एवढं सोपं होतं. पण मला ते जमलं नाही. मला त्याचा तो फोनवरचा आवाज परत द्यायचा नव्हता. नबीसाबांना मी काहीच बोलले नाही. वहीत आठ तीनशे लिहिलं. पुढच्या सोमवारपासून त्यांना म्हटलं, पुकारू नका, मी बघून घेते. आणि मग मी बघायची एक आणि लिहायची एक. एकदा खोटं उतरायला लागलं की त्याला कमी-कमीच व्हावं लागतं ना? आठ. सात आठशे. सात पाचशे. पोतं वजा करता दांडी मात्र आपली मुंगीच्या पावलांनी — नऊ दोनशे, नऊ एकशे. मला त्या दांडीचा इतका राग यायचा! वाटी मोजून, शेंगदाण्यांवर पहारा ठेवून, पहाटे उठून फिरवून शेवटी पन्नास ग्रॅम?

दिवाळीच्या आधीचा सोमवार. खरं वजन नऊ किलो. मी लिहिलं सात. त्याच दिवशी मल्लूचा फोन आला — शनिवारी येतोय, मित्राची गाडी आहे, परत जाताना पिंकीला पुण्याला घेऊन जाणार. आता ती हलकी झालीय, फ्लॅटचे तीन जिने चढेल. आणि वही तयार ठेव, म्हणाला, तिथल्या डॉक्टरला दाखवायचीय.

फोन ठेवला आणि माझी पाचावर धारण बसली. तो गाडीतून उतरेल आणि पहिल्यांदा तिला उचलेल. काट्याची गरजच नाही. दोन किलोचं खोटं हातालाच कळेल.

येतेय. मुद्द्यावरच येतेय. सांगायचं ठरवूनही हात अडखळतोय, दुसरं काही नाही.

घराच्या मागे एक खोली आहे, रिकामी पोती ठेवायची. सोमवारी दुपारनंतर मी पिंकीला तिथे ठेवलं, पाण्याचं भांडं ठेवलं आणि बाहेरून कुलूप लावलं. घरात सांगितलं, तुम्ही सगळे चोरून घालता म्हणून तिला आता वेगळं ठेवलंय, तिचं खाणं मीच देईन, कुणी तिकडे फिरकायचं नाही. किल्ली माझ्या पर्समध्ये. पर्स माझ्याबरोबर शाळेत. खाणं मी दिलं नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, बुधवारी नाही. हिशेब केला होता मी — पाच दिवसांत निदान किलोभर तरी उतरेल, उरलेलं केसांवर ढकलता येईल. रेघ मारलेलं ते वाक्य? आठवत होतं. मी ते विसरले होते असं म्हणता येणार नाही.

मंगळवारी संध्याकाळी आक्का माझ्याकडे आल्या. "शकू, कुत्री लई रडायलीय गं. खाल्लं का तिनं?"

"खाल्लं," मी म्हटलं. "आणि तुम्ही मधे पडू नका. तुम्हा सगळ्यांच्या लाडानंच ही वेळ आलीय."

त्यानंतर दोनदा मी त्यांना त्या खोलीच्या दाराशी पाहिलं, फटीतून काहीतरी बोलत होत्या तिच्याशी, कानडीत. फटीतून भाकरीचा तुकडा गेला नसता एवढी ती बारीक होती. मी नंतर बोट घालून पाहिलं होतं. म्हणजे मी कुणावर पहारा ठेवत होते, बघा.

बुधवारी रात्रीपासून आवाज थांबला. मला बरं वाटलं. गुरुवारी शाळेतून आले, कुलूप काढलं, तर पिंकी पोत्यांच्या ढिगावर आडवी. तोंडाशी पिवळा फेस. हाक मारली तर मान उचलेना, नुसता एक कान हलवला.

हे धावत दुकानातून आले, रिक्षा आणली. आक्का पायांत चप्पलही न घालता रिक्षात बसल्या, पिंकी त्यांच्या मांडीवर. आणि ह्यांनी काय केलं — मोठ्या कामसूपणाने माझी वही बरोबर घेतली.

डॉक्टरांनी तिला काट्यावर ठेवलं. आठ सहाशे. वही उघडली. सोमवार, सात किलो. त्यांनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा काट्याकडे. "चार दिवसांत दीड किलोच्या वर वाढ? बाई, तुमचा काटा बरोबर हाय न्हवं?"

खरं सांगायला दार उघडं होतं. एक शब्द बोलायचा होता.

"अडतीचा काटा आहे," मी म्हटलं. "बरोबरच असणार."

"उपाशी तर ठेवलं न्हाई न्हवं हिला?"

"नाही."

"मग घरात कुणीतरी घालायलंय. सणाचं तळलेलं, गोडधोड. बिनहिशेबी खाल्ल्यावर असंच व्हायलंय. कोण घालायलंय?"

माझा नवरा माझ्याकडे बघत होता. आक्का पिंकीच्या कपाळावर हात ठेवून उभ्या होत्या. कुणी माझा गळा धरला नव्हता. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं — शेजारच्या काकू होत्या, दूधवाला होता, शंभर माणसं होती. पण मी मान वळवली आणि म्हटलं, "आक्कांना किती सांगितलं, ऐकतच नाहीत. खोलीला कुलूप लावलं तरी दाराच्या फटीतून ताटातलं उरलेलं घालतात."

आक्कांनी वर पाहिलं. त्यांना राग आला नव्हता. न कळल्यासारखं पाहिलं. "माझ्या ताटात उरतंय काय, घालायला?" एवढंच म्हणाल्या. फार हळू. डॉक्टरांनी ऐकलंही नसेल. ह्यांनी ऐकलं, आणि ज्या माणसाने जन्मभर बहिणीला ताट धुऊन पिताना पाहिलं तो माणूस म्हणाला, "आक्का, गप बस आता. शकूनं एवढं लिहून ठिवलंय."

हे मी केलं. वहीतलं खोटं, कुलूप, उपास — ते सगळं एका बाजूला ठेवा. त्याला भीती म्हणा, मूर्खपणा म्हणा. पण हे वाक्य मी शुद्धीत, विचार करून, मराठीच्या बाईच्या स्वच्छ उच्चारात बोलले.

आणि त्याचं पुढे काय झालं तेही सांगते. पोटात जड पडलंय असं समजून डॉक्टरांनी सुई दिली आणि बजावलं, अजून पूर्ण एक दिवस पोटाला विश्रांती, पाण्याशिवाय काही नाही. मी ऐकलं. तिच्या पोटात सोमवारपासून काही नाही हे फक्त मला माहीत होतं. मी मान हलवली आणि पैसे देऊन बाहेर आले.

शुक्रवारी शाळा लवकर सुटली. दुपारी घरी आले तर स्वयंपाकघरात कुणी नाही. देवघराच्या कोपऱ्यात आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. पिंकी मांडीवर. हातात वाटी, वाटीत ज्वारीची पातळ अंबील, गूळ घातलेली. चमच्याने तिच्या तोंडाच्या कडेने थेंब-थेंब सोडत होत्या. पिंकी गिळत होती. मी दारात उभी राहिले. आक्कांनी मला पाहिलं आणि हात थांबवला नाही.

"शकू," म्हणाल्या, "हिच्या पोटात कायबी न्हाई. हात लावून बघ."

मी हात लावला नाही. कशाला लावू? मला कळत का नव्हतं? आणि त्यांना कळलं होतं हे मला तेव्हाच कळलं. त्या वाट पाहत होत्या. मी काहीतरी बोलावं एवढीच वाट. तेवढ्यात मागून हे आले. त्यांनी वाटी पाहिली, चमचा पाहिला, आणि एरवी आवाज न चढवणारा माणूस ओरडला, "आक्का! डाक्टर कायबी देऊ नका म्हनलाय न्हवं? कामून घालायलीस? मारायची हाय का तिला?"

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांनी वाटी बाजूला ठेवली. वाटी रिकामीच झाली होती, तेवढं बरं.

संध्याकाळी पिंकी उठून उभी राहिली. शनिवारी मल्लू आला तेव्हा दारापर्यंत चालत गेली. सगळे म्हणाले, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. मल्लूने तिला उचललं. माझ्या त्या दोन किलोंचं काय झालं म्हणता? काही नाही. आक्कांनी चारून चारून वाढवलं, हे उत्तर तयारच होतं. ज्यासाठी एवढा आटापिटा केला ती अडचण अशी आपोआप सुटली. वडिलांकडून सगळं ऐकून मल्लू आक्कांसमोर जाऊन उभा राहिला. लहानपणी त्यांच्याच हातून घास खाल्लेला पोरगा. म्हणाला, "आत्या, आईनं दोन महिने जीव टाकला तिच्यासाठी, आणि तू चार दिवसांत तिला मारायला निघाली होतीस." आक्का म्हणाल्या, "बरं." बस्स, एवढंच. दिवाळीचं ताट वाढायला आक्का त्या दिवशी उठल्या नाहीत. मला वाटलं दुखतंय काहीतरी. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हणाल्या, तूच वाढ, माझ्या हातचं नको कुणाला. पुढे जवळजवळ पाच वर्षं त्या आमच्या घरात राहिल्या, भाजी चिरली, धान्य निवडलं, पण कुणाच्या ताटात पुन्हा कधी काही वाढलं नाही. घरी आलेली माणसं विचारायची, आक्का का नाही वाढत? मी सांगायची, वय झालं.

पिंकी पुण्याला नीट राहिली. तिथल्या डॉक्टरने तेच सांगितलं जे इथल्या डॉक्टरने सांगितलं होतं — मोजून, हळूहळू, आठवड्याला शंभर ग्रॅमच्या आत. मल्लूने फोनवर वाचून दाखवलं तेव्हा मी कागदावर आकडे मांडले. सात-आठ आठवड्यांत अर्धा किलो. माझं बरोबर चाललं होतं. अगदी बरोबर चाललं होतं! चोख वाटी, चोख फेऱ्या, चोख गती. मी ज्या दांडीवर दात-ओठ खात होते ती दांडी मला पास करत होती. हे आठवलं की आजही मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं. वर्षाने ती साडेसहा किलोंवर आली. मल्लू सगळ्यांना सांगतो, सुरुवात आईनं केली.

गेल्या वर्षी आक्का गेल्या. तिसऱ्या दिवशीच्या जेवणाला मुडबीची माणसं आली होती, मल्लू पुण्याहून आला होता. पंगतीत कुणीतरी त्यांच्या मायाळूपणाची आठवण काढली, तसा मल्लू हसून म्हणाला, "आत्याची माया? अहो, आमची पिंकी खायला घालून-घालून मारलीच होती तिनं." लोक हसले. प्रेमानेच हसले. मी वाढत होते, हातात हुग्गीचं भांडं होतं. मल्लूने माझ्याकडे पाहिलं, मी दुजोरा द्यावा म्हणून. मी म्हटलं, "व्हय, लई माया होती त्यांना," आणि पुढच्या ताटाकडे सरकले. तेव्हाही.

वही माझ्या कपाटात आहे. त्यातले आकडे खोटे आहेत. खरे असे — पहिल्या दिवशी साडेनऊ, तिसऱ्या सोमवारी नऊ तीनशे, दिवाळीच्या आधीच्या सोमवारी नऊ. त्यानंतर चार दिवस मी तिला काही दिलं नाही. आक्कांनी पिंकीला ताटातलं कधी घातलं नाही. त्यांनी तिला एकदाच खायला घातलं, त्या शुक्रवारी दुपारी, एक वाटी अंबील, आणि ती त्यामुळे जगली.